अमेरिकन नेटवर्कच्या बातम्या परदेशात: वेळ, फीड आणि ब्रेकचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. एबीसी, सीबीएस आणि एनबीसी यांच्या संध्याकाळच्या बातम्या अमेरिकेत साडेसहाला लागतात, मग दुसऱ्या देशातल्या वाहिनीवर त्या कधी लाइव्ह, कधी तासाभराने, तर कधी दुसऱ्या दिवशी सकाळी का दिसतात? मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला त्यांची वेळ का सरकते? मधेच हवामानाचा नकाशा, नुसतं संगीत किंवा रिकामी पाटी का येते, आणि एखादी बातमी अर्ध्यातच का कापलेली असते?

दोन गोष्टी पक्क्या धरल्या की बाकीचं आपोआप उलगडतं. या कार्यक्रमाचं घड्याळ न्यूयॉर्कचं आहे आणि परदेशातली वेळ त्या घड्याळावरूनच काढायची असते. आणि हा अर्धा तास म्हणजे साधारण २० ते २२ मिनिटांच्या बातम्या व त्यांच्या मधली भोकं. परदेशी वाहिनीची बहुतेक मेहनत त्या भोकांवरच खर्च होते.

आधी अमेरिकेतलं बघू, कारण गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. आपल्याकडे वाहिनी म्हणजे दिल्ली-मुंबईहून निघालेला आणि देशभर एकाच वेळी दिसणारा एक सिग्नल. अमेरिकेतलं नेटवर्क तसं नाही. एबीसी, सीबीएस, एनबीसी यांची प्रत्येकी दोनशेच्या वर संलग्न स्थानकं आहेत. त्यातली मोजकी नेटवर्कच्या मालकीची, उरलेली वेगवेगळ्या कंपन्यांची. नेटवर्क फीड, म्हणजे कार्यक्रमाचा सिग्नल, देतं, आणि त्याच्या आगेमागे स्थानिक बातम्या कुठे ठेवायच्या, राष्ट्रीय बातम्या नेमक्या कितीला लावायच्या, हे बऱ्याच अंशी स्थानक ठरवतं. म्हणून ‘साडेसहा’ ही पूर्व किनाऱ्याची वेळ झाली. शिकागो मध्य विभागात येतं, तिथे तेच फीड लाइव्ह घेतलं तर घड्याळात साडेपाच वाजलेले असतात. डेन्व्हरला तेव्हा साडेचारच वाजलेले असल्याने ते तास राखून लावावं लागतं. लॉस एंजेलिसला साडेतीन. तिथे संध्याकाळी जे दिसतं ती पश्चिम किनाऱ्यासाठी ताजी केलेली आवृत्ती असते. मधल्या तीन तासांत काही घडलं तर अँकर पुन्हा स्टुडिओत बसून तेवढा भाग नव्याने वाचतो. हवाईत फीड पोचतं तेव्हा दुपार असते आणि गुआममध्ये दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडलेली असते. ही दोन्ही अमेरिकेचीच भूमी, तरीही त्यांना परदेशी वाहिनीसारखाच वेळेचा खटाटोप करावा लागतो.

अर्ध्या तासाची ही चौकट १९६३ पासूनची. त्या सप्टेंबरात आधी सीबीएसने आणि आठवड्याभराने एनबीसीने १५ मिनिटांचा कार्यक्रम ३० मिनिटांचा केला, एबीसी १९६७ मध्ये त्याच वाटेने गेलं. तेव्हापासून लांबी बदललेली नाही, जागा मात्र सरकली. बऱ्याच शहरांत राष्ट्रीय बातम्या पूर्वी सातला असत. १९८० च्या दशकात त्या जागी प्रश्नमंजूषेसारखे सिंडिकेटेड, म्हणजे एकेका स्थानकाला सुटे विकले जाणारे, कार्यक्रम जास्त पैसा देऊ लागले आणि बातम्या साडेसहाला आल्या. याचा माग अजून राहिला आहे: साडेसहाच्या फीडनंतर नेटवर्क सहसा सातला दुसरं फीड सोडतं. परदेशात पुनःप्रक्षेपण करणाऱ्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे.

कारण पहिलं फीड लाइव्ह असतं आणि लाइव्हमध्ये चुका राहतात. नावाची पट्टी चुकते, बातमीदाराचा आवाज उशिरा सुटतो, आकडा दुरुस्त करायचा राहून जातो. सातच्या फीडमध्ये त्यातलं बरंचसं सुधारलेलं असतं. तुमचा स्लॉट न्यूयॉर्कच्या साडेसहालाच असेल तर लाइव्ह घेण्यावाचून पर्याय नाही. पण स्लॉट तासाभराने किंवा त्याहून पुढे असेल, तर दोन्ही फीड रेकॉर्ड करावीत आणि दुसरं लावावं. पहिलं राखीव ठेवायचं, दुसऱ्यात उपग्रहाचा सिग्नल तुटला तर कामी येतं. ब्रिटनमध्ये स्काय न्यूज सीबीएसच्या बातम्या बरीच वर्षं रात्री साडेबाराला दाखवत असे. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये साडेसात झालेले असतात, म्हणजे दोन्ही फीड संपलेली असतात. वेळापत्रक म्हणून ही जागा उत्तम आहे, वर लंडनचे साडेअकरा स्वतःच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी मोकळे राहतात.

आता घड्याळ. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. २००७ पासून असंच आहे. युरोपात ती मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत चालते. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा न्यूयॉर्क-लंडन अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. एरवी रात्री साडेअकराला येणारं लाइव्ह फीड त्या दिवसांत साडेदहाला येतं. बर्लिनला साडेबाराचं साडेअकराला. ज्यांचा एफपीसी, म्हणजे आठवड्याचा ठरलेला तक्ता, स्थानिक वेळेत लिहिलेला असतो त्यांची गडबड याच आठवड्यांत होते. रेकॉर्डिंग तास उशिरा सुरू होतं आणि हाती लागतो तो त्यापुढचा भलताच कार्यक्रम.

जपान, हाँगकाँग, फिलिपिन्स आणि भारत घड्याळ हलवत नाहीत, तिथला हिशेब सोपा आहे. टोकियोला अमेरिकेच्या उन्हाळ्यात सकाळी साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. हाँगकाँग आणि मनिलाला साडेसहा आणि साडेसात. भारतीय वेळेत पहाटे चार आणि पाच.

खरी कसोटी ऑस्ट्रेलियाची. दक्षिण गोलार्ध असल्याने तिथली उन्हाळी वेळ उलटी चालते: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत. न्यूयॉर्क आणि सिडनी यांच्यात वर्षभरात १४, १५ आणि १६ तास अशी तीन अंतरं येतात. तेच साडेसहाचं फीड सिडनीला कधी सकाळी साडेआठला, कधी साडेनऊला, कधी साडेदहाला येतं. त्यातून क्वीन्सलंड घड्याळ हलवतच नाही, म्हणजे उन्हाळ्यात सिडनी आणि ब्रिस्बेन यांच्यातही तासाचा फरक. अशा देशात लाइव्ह स्लॉट जाहीर करायचा असेल तर वर्षाला चार वेळा तक्ता बदलायची तयारी हवी. नाहीतर लाइव्हचा नाद सोडून साडेदहानंतरचा ठराविक स्लॉट घ्यावा. माझं मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. प्रेक्षकाला न्यूयॉर्कच्या संध्याकाळची बातमी तास-दोन तास उशिरा मिळाल्याने काही बिघडत नाही, पण रोजची वेळ बदलली की तो येणं सोडतो.

दिवसांचंही तसंच. सोमवारची आवृत्ती आशियात मंगळवारी सकाळी येते, शुक्रवारची शनिवारी. म्हणून तक्त्यात मंगळवार ते शनिवार लिहायचं. रेकॉर्ड केलेल्या फाइलच्या नावात मात्र न्यूयॉर्कची तारीख आणि फीडचा क्रमांक टाकायचा. स्थानिक तारखेने नाव दिलं की सोमवारी सकाळच्या फेरप्रक्षेपणात कोणती फाइल लावायची यावर गोंधळ होतो आणि जुना कार्यक्रम ऑन एअर जातो. बातम्यांच्या बाबतीत ही सगळ्यात लाजिरवाणी चूक, कारण ती प्रत्येक प्रेक्षकाच्या लक्षात येते. रेकॉर्डिंग दोन मिनिटं आधी सुरू करून पाच मिनिटं उशिरा थांबवावं. प्लेआउट सर्व्हरच्या, म्हणजे कार्यक्रम आपोआप लावणाऱ्या यंत्राच्या, वेळापत्रकात वेळेचा विभाग स्थानिक न ठेवता न्यूयॉर्कचा ठेवता येत असेल तर तोच ठेवावा. मग वर सांगितलेले सगळे रविवार यंत्र स्वतः सांभाळतं.

ब्रेकचं प्रकरण जरा मोठं आहे. नेटवर्कच्या अर्ध्या तासात सुमारे आठ मिनिटं जाहिरातींची, चार-पाच ठिकाणी वाटलेली. पहिला भाग सगळ्यात लांब आणि पुढचे आखूड होत जातात. शेवटाकडे तर दोन-तीन मिनिटांची बातमी आणि जवळजवळ तेवढाच ब्रेक अशी स्थिती असते. या जाहिराती परदेशात दाखवता येत नाहीत. त्यांचे हक्क अमेरिकेपुरते विकलेले असतात हे एक कारण. दुसरं कारण त्यांच्या विषयात आहे: संध्याकाळच्या बातम्यांचा प्रेक्षक वयस्क, म्हणून जाहिराती मोठ्या प्रमाणावर डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या औषधांच्या. अशा औषधांची थेट ग्राहकाला जाहिरात करायला अमेरिका आणि न्यूझीलंड सोडले तर जवळपास कुठेच परवानगी नाही. भारतातही नाही. चुकून एक ब्रेक तसाच ऑन एअर गेला तर तक्रार नियामकाकडे जाते आणि दंड पुनःप्रक्षेपण करणाऱ्याला होतो.

मग ही आठ मिनिटं भरायची कशी? स्थानिक जाहिरातींनी भरू म्हटलं तर नियम आडवे येतात. युरोपियन युनियनच्या दृक्श्राव्य माध्यम निर्देशानुसार बातम्यांच्या कार्यक्रमात दर तीस मिनिटांच्या नियोजित अवधीला एकच जाहिरात-ब्रेक घेता येतो, आणि ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाची संहिताही हेच सांगते. म्हणजे अमेरिकेतल्या चार-पाच भोकांपैकी फक्त एकात पैसे मिळतात. बाकीची प्रोमो, मथळे, हवामान यांनी बुजवायची, किंवा कापून कार्यक्रम २१-२२ मिनिटांचा करायचा आणि उरलेला वेळ शेवटी स्वतःच्या बातम्यांना द्यायचा. बीबीसीसारख्या वाहिनीला तर स्वदेशी सेवेवर जाहिरातच नाही, तिला कापणं किंवा भरणं एवढाच मार्ग. भारतातल्या केबल नियमांत तासाला १० मिनिटं जाहिरात आणि २ मिनिटं स्वतःची जाहिरात अशी मर्यादा आहे. हिशेब तासाचा असल्याने या अर्ध्या तासात आठ मिनिटं वापरली तर पुढच्या अर्ध्या तासाला चारच उरतात. जाहिरातींच्या वेळा लावणाऱ्या ट्रॅफिक विभागाने हे आधी मांडलं नाही तर लॉग, म्हणजे दिवसाची प्रक्षेपण-यादी, भरताना रात्री भांडणं होतात.

लाइव्ह घेताना ब्रेक कापता येत नाही, तो झाकावाच लागतो. फीडसोबत एससीटीई-३५ नावाच्या खुणा येतात. ब्रेक कधी सुरू झाला आणि कधी संपला हे त्या यंत्राला सांगतात. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात सिग्नल एका उपग्रहावरून दुसऱ्यावर, मग मानक-बदल यंत्रातून, मग एन्कोडरमधून जातो आणि वाटेत कुठेतरी या खुणा गळून पडतात. म्हणून नेटवर्कचं फॉरमॅट-शीट (कोणता भाग आणि ब्रेक कितव्या मिनिटाला ते सांगणारा कागद) समोर ठेवून माणसाने इशारा द्यावा हीच भरवशाची पद्धत. त्यातही शीटवरच्या मिनिटांवर डोळे झाकून विसंबायचं नाही. चक्रीवादळ, गोळीबार, निवडणुकीची रात्र असली की ब्रेक पुढे ढकलले जातात, एखादा उडवला जातो. शीटप्रमाणे ठरल्या मिनिटाला फिलर, म्हणजे ब्रेक झाकणारा मजकूर, लावणारी स्वयंचलित यादी अशा दिवशी अँकरच्या तोंडावर स्वतःचा प्रोमो चालवते. ऑपरेटरने अँकरचं ‘थोड्याच वेळात’ ऐकायचं, नेटवर्कचा बंपर, म्हणजे ब्रेकआधीची छोटी पाटी, दिसू द्यायचा, मग कट. परत येताना संगीताचा छोटा तुकडा ऐकू आला की फीडवर. फिलर ब्रेकपेक्षा मोठा तयार ठेवावा, म्हणजे मधेच सोडता येतो. लहान फिलर संपला आणि नेटवर्कचा ब्रेक चालूच राहिला तर पडदा काळा होतो. प्रेक्षकाला जी रिकामी पाटी दिसते ती बहुतेकदा हीच गफलत झाकण्यासाठी लावलेली असते.

सकाळच्या कार्यक्रमांत भोकं वेगळी असतात. एनबीसीचा ‘टुडे’ आणि एबीसीचा ‘गुड मॉर्निंग अमेरिका’ यांत साधारण २५ आणि ५५ व्या मिनिटाच्या आसपास स्थानिक स्थानकांना आपल्या बातम्या घालायला काही मिनिटं सोडलेली असतात. शिवाय हवामान सांगणारा राष्ट्रीय चित्र सांगून झाल्यावर ठरलेलं वाक्य म्हणतो, की आता तुमच्या भागात काय चाललंय ते बघा, आणि साधारण अर्धा मिनिट प्रत्येक शहर आपलं तापमान दाखवतं. ज्या स्थानकाकडे काही नसेल त्याच्यासाठी फीडमध्ये संगीतासह अमेरिकेचा नकाशा चालू राहतो, फॅरनहाइटमध्ये. परदेशी वाहिनीने तो तसाच सोडला की बघणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं. ऑस्ट्रेलियात सेव्हन नेटवर्कने ‘टुडे’ पहाटे लावताना त्या अर्ध्या मिनिटात ऑस्ट्रेलियाचा हवामान-नकाशा बसवला होता. हा उपाय मला फार आवडतो: भोक झाकलं, प्रेक्षकाला उपयोगाची माहिती मिळाली, आणि अँकरचं वाक्यही खरं ठरलं.

तांत्रिक बाजूला सगळ्यात आधी फ्रेमचा वेग. अमेरिकेत सेकंदाला ५९.९४, युरोप-ऑस्ट्रेलिया-भारतात ५०. चित्राचा साचाही वेगळा: एबीसी ७२०पी मध्ये, एनबीसी आणि सीबीएस १०८०आय मध्ये, त्यामुळे तिघांना एकच सेटिंग चालत नाही. नुसत्या फ्रेम गाळणारं स्वस्त रूपांतर केलं तर खाली सरकणारी अक्षरं आणि कॅमेऱ्याची आडवी चाल झटके देते. गतीचा अंदाज घेऊन मधल्या फ्रेम बनवणारं यंत्र लागतं. जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स अमेरिकेच्याच वेगाचे, तिथे हा त्रास नाही.

टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा, बघून ब्रेक कापणाऱ्यांनी तो ड्रॉप-फ्रेम (घड्याळाशी जुळण्यासाठी मधले काही आकडे गाळणारा) आहे की नॉन-ड्रॉप ते तपासावं. नॉन-ड्रॉप टाइमकोड खऱ्या घड्याळापासून तासाला ३.६ सेकंद ढळतो. २२ मिनिटांत ही चूक सव्वा सेकंदाच्या वर जाते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यात अँकरचा शेवटचा शब्द गिळला जातो किंवा अमेरिकन जाहिरातीची पहिली झलक दिसते.

आवाजाचा एक दोष वारंवार होतो आणि तो ओळखायला सोपा आहे. फीडमध्ये ५.१, म्हणजे सहा चॅनलचा, आवाज आला आणि तो दोन चॅनलमध्ये न मिसळता फक्त पुढचा डावा-उजवा चॅनल उचलला, तर संगीत आणि मागचा गलका ऐकू येतो, अँकरचा आवाज नाहीसा होतो. तो मधल्या चॅनलवर असतो. चित्र सुरळीत, पट्ट्या बरोबर, आणि माणूस नुसते ओठ हलवतोय असं दिसलं की आधी हे तपासा. पातळीचा फरक त्यामानाने लहान: अमेरिकेत उणे २४, युरोपात उणे २३ लाउडनेस युनिट. एका डेसिबलने कोणी दचकत नाही, पण भोकात लावलेला प्रोमो मोजून घेतलेला नसला तर मध्यरात्री घर दणाणतं.

कॅप्शन, म्हणजे बोललेलं लिहून दाखवणाऱ्या ओळी, रूपांतरात हमखास हरवतात. अमेरिकेची पद्धत सिग्नलच्या एका कोपऱ्यात बसवलेल्या डेटाची, युरोपात टेलीटेक्स्ट, ऑस्ट्रेलियात ओपी-४७. मध्ये एका पद्धतीतून दुसरीत बदलणारं यंत्र नसेल तर ऐकू न येणाऱ्यांसाठी कार्यक्रम मुका होतो, आणि बऱ्याच देशांत तो नियमभंगही ठरतो. राखून लावत असाल तर लाइव्ह कॅप्शनचा काही सेकंदांचा उशीर काढून ती चित्राशी जुळवून घेता येतात. थोडा वेळ देऊन हे जरूर करावं.

भाषेचा प्रश्न असणाऱ्या देशांत जपानची पद्धत शिकण्यासारखी आहे. एनएचकेच्या उपग्रह वाहिनीवर एबीसी, पीबीएस (अमेरिकेचं सार्वजनिक टीव्ही नेटवर्क) अशा अनेक परदेशी वाहिन्यांच्या बातम्या जपानी दुभाष्यांच्या आवाजात येत. लाइव्ह दुभाषेपणा फक्त मोठ्या घटनेला, एरवी दुभाषी आधी एकदा फीड बघतो, नावं आणि आकडे टिपून घेतो आणि मग बोलतो. हा थोडासा उशीर घेतल्याने भाषांतराचा दर्जा किती सुधारतो ते ऐकल्यावर कळतं.

आता बातमी मधेच कापली जाण्याबद्दल. नेटवर्कचं स्वतःचं चित्रीकरण असेल तर अडचण येत नाही. पण बातमीत दहा ठिकाणची चित्रं असतात: खेळ, सिनेमाची झलक, कोणाच्या फोनवरचा व्हिडिओ, वृत्तसंस्थांची क्लिप. वृत्तसंस्थेच्या क्लिपसोबतच्या डोपशीटवर, म्हणजे माहितीपत्रकावर, बंधनं लिहिलेली असतात. जपानी वाहिनीकडून घेतलेल्या चित्रावर ‘जपानमध्ये वापर नाही’ अशी ओळ नेहमी दिसते. नेटवर्कने ती क्लिप अमेरिकेसाठी वापरली हे योग्यच, तोच कार्यक्रम टोकियोत लावणाऱ्याला मात्र तेवढा भाग झाकावा लागतो. ऑलिंपिकच्या दिवसांत हे शिगेला पोचतं. अमेरिकेतले हक्क एनबीसीकडे, ऑस्ट्रेलियात २०२४ ते २०३२ चे नाइनकडे. त्यामुळे एनबीसीच्या बातम्यांतला पदकाचा क्षण ऑस्ट्रेलियात दुसऱ्या वाहिनीला बिनपरवाना दाखवता येत नाही. तिथे स्थिरचित्र आणि आवाज, किंवा सरळ कट.

कायद्याची जोखीम पुनःप्रक्षेपण करणाऱ्याचीच असते, न्यूयॉर्कची नाही. अमेरिकेत ‘फेअर यूज’ या कॉपीराइट-सवलतीखाली बिनधास्त दाखवलेलं छायाचित्र ब्रिटनमध्ये महागात पडू शकतं, कारण तिथल्या १९८८ च्या कायद्यातली चालू घडामोडींसाठीची सवलत छायाचित्रांना लागू होत नाही. न्यायालयीन बंदीचं ठळक उदाहरण डिसेंबर २०१८ चं. मेलबर्नच्या न्यायालयाने कार्डिनल जॉर्ज पेल यांच्यावरच्या खटल्याच्या निकालाला प्रसिद्धीबंदी घातली होती, आणि काही अमेरिकन माध्यमांनी तो निकाल छापला. ऑस्ट्रेलियातली वाहिनी अशा वेळी अमेरिकन फीड लाइव्ह सोडून निर्धास्त बसू शकत नाही. (पुढे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयाने पेल यांची शिक्षा रद्द केली.) भारतात सर्वांत नाजूक गोष्ट नकाशा. जम्मू-काश्मीरच्या सीमा अधिकृत नकाशाप्रमाणे नसतील तर वाहिनी अडचणीत येते. एप्रिल २०१५ मध्ये याच कारणाने अल जझीराचं प्रक्षेपण पाच दिवस बंद ठेवलं गेलं. अमेरिकन नेटवर्कचे ग्राफिक्स अमेरिकन प्रेक्षकासाठी बनतात, त्यात ठिपकेरेषा असतात. दक्षिण आशियावर बातमी आहे असं रनडाऊनवरून, म्हणजे बातम्यांच्या क्रमयादीवरून, कळलं की तो कार्यक्रम लाइव्ह घेऊ नये, किमान अर्धा तास राखून, बघून सोडावा.

पीबीएसचा ‘न्यूजअवर’ या सगळ्यात निर्यातीला सर्वांत सोपा. पूर्वेच्या वेळेने सहाला, तासाचा कार्यक्रम, प्रत्यक्षात ५६ मिनिटं ४६ सेकंद, मधे औषधांच्या जाहिराती नाहीत. ऑस्ट्रेलियात एसबीएस तो दाखवते. वर्षातून काही वेळा देणगी मागण्याच्या मोहिमा चालतात आणि स्थानकं त्यासाठी कार्यक्रम मधे थांबवतात. पण न थांबणाऱ्यांसाठी फीडमध्ये पूर्वी दाखवलेला एखादा वृत्तांत चालू असतो, तोच घ्यायचा.

अमेरिकन सैन्यासाठीचं एएफएन हे मात्र पूर्ण वेगळं प्रकरण. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडजवळच्या मार्च तळावरून ते निघतं, तिन्ही नेटवर्कच्या बातम्या घेतं, आणि जाहिरातींच्या जागी लष्कराच्या सूचना व जनहिताच्या चित्रफिती लावतं. कार्यक्रम नाममात्र मोबदल्यात मिळतात ते फक्त सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी, म्हणून उपग्रहावरचा सिग्नल कुलूपबंद असतो आणि डिकोडर पात्र लोकांनाच मिळतो. जर्मनी, जपानमधल्या तळांशेजारी राहणाऱ्यांनी डिश लावून तो पकडायचा प्रयत्न करू नये. चित्र मिळणार नाही.

शनिवार-रविवारी कोणताही हिशेब पक्का धरू नका. सीबीएसकडे रविवारी दुपारी अमेरिकन फुटबॉल असतो. चार पंचवीसचा सामना लांबला की पूर्वेकडे बातम्या आणि ‘६० मिनिट्स’ हा साप्ताहिक वृत्त-कार्यक्रम दोन्ही सरकतात. पश्चिम किनाऱ्यावर मात्र ‘६० मिनिट्स’ संध्याकाळी सातला वेळेवर लागतो, कारण तिथे सामना दुपारीच संपलेला असतो. परदेशी वाहिनीने रविवारच्या कार्यक्रमासाठी पश्चिमेचं फीड मागावं, नाहीतर तास-दीड तासाची फट ठेवावी. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी ज्या नेटवर्कवर दुपारचा सामना आहे त्याचंही तेच. राष्ट्राध्यक्षांचं भाषण किंवा विशेष वार्तापत्र मधे आलं तर नेटवर्क आधीच्या कार्यक्रमाची पर्वा करत नाही. त्या दिवसासाठी तयार ठेवलेला अर्ध्या तासाचा स्वतःचा कार्यक्रम हाताशी असला पाहिजे.

महाराष्ट्रात बसून बघायचं असेल तर या उठाठेवीची गरज उरलेली नाही. एनबीसी आणि एबीसी आपली संध्याकाळची पूर्ण आवृत्ती यूट्यूबवर टाकतात, आपल्या सकाळच्या चहापर्यंत ती आलेली असते. एनबीसी न्यूज नाऊ, एबीसी न्यूज लाइव्ह आणि सीबीएस न्यूज २४/७ हे त्यांचे चोवीस तास चालणारे फुकट प्रवाह. यूट्यूबवरच्या आवृत्तीत खेळाची एखादी क्लिप झाकलेली दिसली तर ती हक्कांमुळे, तुमच्या जोडणीचा दोष नाही. लाइव्हच बघायचं असेल तर मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार पहाटे चारचा गजर, बाकी दिवस पाचचा. आणि मंगळवार ते शनिवार.